निवडून न येणाऱ्या उमेदवाराच्या बाजूने

२०१४ च्या एप्रिल महिन्यात, बीड लोकसभा मतदारसंघातील मतदानाला चार-पाच दिवस उरले असताना, आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य बोलले गेले. बोलणारे आमचे ज्येष्ठ सहकारी होते. तीस वर्षे त्यांनी मराठी शिकवलेले, संतसाहित्यावर त्यांचा अधिकार. ते म्हणाले, "सर, माणूस चांगला आहे यात वादच नाही. पण तो निवडून येणार नाही. मग मत वाया कशाला घालवायचे?" हे वाक्य त्यांनी शोधून काढलेले नव्हते. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत ते आम्ही त्या महिन्यात असंख्य वेळा ऐकले होते. तरीही साहित्याच्या माणसाच्या तोंडून ते ऐकताना आम्हांला जे खटकले ते अजून गेलेले नाही. या लेखात आम्हांला त्या एका वाक्याशी भांडायचे आहे.

तो माणूस म्हणजे नंदू माधव. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये दादासाहेब फाळके उभे करणारा, 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक दिग्दर्शित करणारा, मराठवाड्याच्या मातीशी नाते असलेला हा नट आम आदमी पक्षाच्या उमेदवारीवर बीडमधून उभा होता. समोर गोपीनाथ मुंडे होते, आणि त्यांना आव्हान देणारे राष्ट्रवादीचे सुरेश धस. या दोघांपाशी काय होते आणि नंदू माधव यांच्यापाशी काय नव्हते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. साखर कारखाने, बँका, शिक्षणसंस्था, मुकादमांचे जाळे, जातीची बेरीज यांपैकी काहीही नसलेला माणूस बीडमध्ये लोकसभेला उभा राहतो, तेव्हा त्याला वेडा म्हणतात किंवा भाबडा म्हणतात. आम्ही, म्हणजे दोन-तीन महाविद्यालयांतले पाच-सहा शिक्षक आणि आमचे काही विद्यार्थी, त्या भाबड्याच्या बाजूने होतो. निकाल लागला तेव्हा मुंडे यांना सुमारे ६ लाख ३६ हजार मते होती, धस यांना सुमारे ५ लाख मते. वैध मतांच्या एक षष्ठांश मते न मिळाल्यास अनामत रक्कम जप्त होते. या दोघांखेरीज ती कोणाचीही वाचली नाही.

म्हणजे आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे भाकीत अचूक ठरले. आमचा वाद भाकिताशी नाहीच. आमचा वाद त्या 'मग'शी आहे. तो निवडून येणार नाही हे पहिले विधान. मत वाया जाईल हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे निघते असे सगळ्यांनी गृहीत धरलेले आहे, आणि आमच्या मते ते निघत नाही.

आधी साधे गणित पाहू. २०१४ साली मुंडे १ लाख ३६ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. याचा अर्थ असा, की आमच्या सहकाऱ्यांनी मुंडे यांना मत दिले असो वा धस यांना, त्या एका मताने निकालात कणभरही फरक पडला नसता. जिंकणाऱ्याच्या पारड्यातली लाखाहून अधिक मते त्याच्या विजयाला आवश्यक नव्हती, आणि हरणाऱ्याच्या पारड्यातली पाच लाख मते त्याला दिल्लीला नेऊ शकली नाहीत. वाया जाण्याची हीच व्याख्या धरली, तर त्या दिवशी जवळजवळ सगळ्या जिल्ह्याचे मत वाया गेले. ३ जून २०१४ रोजी मुंडे यांचे दिल्लीत अपघाती निधन झाले आणि ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. तीत प्रीतम मुंडे ६ लाख ९६ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या. त्या वेळी शोकाने रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला जाऊन कोणी म्हणाले नाही की बाई, उमेदवार तर येणारच आहे, तुझे मत वाया जाते आहे. म्हटले असते तर ती रागावली असती, आणि तिचे बरोबरच होते. आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत हे सांगायला ती आली होती. मग नंदू माधव यांच्या नावापुढचे बटण दाबणारा मतदार तरी दुसरे काय करत होता? मोठ्या लाटेत सामील होणाऱ्याचे मत ही भावना आणि एकट्याने उभे राहणाऱ्याचे मत हा अपव्यय, असा दुजाभाव का?

हे गणित प्रत्येक निवडणुकीला लागू पडत नाही, हे आम्हांला मान्य आहे. २०२४ साली याच मतदारसंघात बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. अशा निवडणुकीत एकेका गावाचे मत मोलाचे होते, आणि तिथे तिसऱ्याला मत देणाऱ्याला आपण काय करतो आहोत याचा विचार करावाच लागतो. २००० साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्याचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी लागला आणि राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांहून अधिक मते पडली होती. त्यांच्या मतदारांना आजवर त्याचा जाब विचारला जातो. तो प्रश्न खोटा नाही. पण लक्षात घ्या, 'वाया जाते' हे वाक्य चुरशीच्या निवडणुकीपुरते बोलले जात नाही. ते सरसकट बोलले जाते, लाखाच्या फरकाने लागणाऱ्या निकालाच्या आधीही. ज्या वाक्याला वस्तुस्थितीशी देणेघेणे नसते त्याला विश्लेषण म्हणता येत नाही. ती सवय असते, आणि सवयीच्या आड काहीतरी लपलेले असते.

दुसरी गोष्ट आमच्या जिल्ह्याची. 'बीडमध्ये असली माणसे चालत नाहीत' असे जे मोठ्या जाणकारीने सांगितले जाते, ते बीडचा इतिहास ठाऊक नसल्याचे लक्षण आहे. १९५२ साली, हैदराबाद राज्यात, या मतदारसंघाने लोकसभेवर पाठवले ते रामचंद्र गोविंद उर्फ बाबासाहेब परांजपे यांना. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले अंबाजोगाईचे हे कार्यकर्ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या डाव्या आघाडीचे उमेदवार होते. त्या आघाडीचा खरा जोर होता तेलंगणात. १९६७ साली, महाराष्ट्रात काँग्रेसची सत्ता भक्कम असताना, बीडने निवडून दिले क्रांतिसिंह नाना पाटील यांना. नाना पाटील येडे मच्छिंद्रचे, म्हणजे सांगली जिल्ह्यातले, साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते, पक्ष कम्युनिस्ट, वय ६६. बीडमध्ये त्यांचा गाव नाही, गोत नाही, कारखाना नाही. १९७७ साली निवडून आले गंगाधरअप्पा बुरांडे, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. पहिल्या सहा लोकसभा निवडणुकांपैकी तीन वेळा या जिल्ह्याने डाव्या विचाराचा माणूस दिल्लीला पाठवला. कोरडवाहू जमिनीच्या आणि दुष्काळाच्या या जिल्ह्याने. अंबाजोगाईत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे म्हणून आम्ही मराठीचे लोक छाती फुगवतो. त्याच गावातल्या परांजप्यांना १९५२ साली लोकांनी कशासाठी निवडले, हे मात्र आमच्या वर्गात कोणी सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल, ते दिवस गेले. मान्य. पण 'निवडून येण्याची क्षमता' या गोष्टीचे पुढे काय होत गेले तेही पाहा. १९८० च्या एप्रिलमध्ये भारतीय जनता पक्ष स्थापन झाला, तेव्हा मराठवाड्याच्या खेड्यांत तो शेटजी-भटजींचा पक्ष म्हणून ओळखला जाई. त्याच वर्षी एका तरुण कार्यकर्त्याने रेणापूरमधून त्या पक्षाच्या चिन्हावर विधानसभा जिंकली. त्या तरुणाचे नाव गोपीनाथ मुंडे. १९८४ साली या पक्षाचे संपूर्ण देशात दोन खासदार होते. त्या काळात ज्यांनी मुंडे यांच्यामागे उभे राहून उन्हातान्हात सायकली हाणल्या, त्यांनाही कोणीतरी हेच वाक्य ऐकवले असणार. त्यांनी ते ऐकले असते तर २०१४ साली 'निवडून येणारा माणूस' म्हणून आमच्यापुढे ठेवायला मुंडे उरलेच नसते. मुंडे यांच्या पक्षाशी आमचे जमत नाही. तरीही न्यायाची गोष्ट अशी, की निवडून येण्याची क्षमता ही कोणाची जन्मजात संपत्ती नसते. ती आधी हरणाऱ्यांच्या आणि त्यांच्या पाठीशी राहणाऱ्यांच्या श्रमातून तयार होते. ती तयार झाल्यावर मात्र तिचे मालक इतरांना सांगू लागतात की तुम्ही वेळ फुकट घालवू नका.

आता मुख्य मुद्दा. लोकशाहीत मतदाराला खरे तर दोन वेगळे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. पहिला, तुम्हांला कोण हवा आहे? दुसरा, जे समोर उभे राहिले आहेत त्यांतला कोण तुम्ही पत्करता? अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हे दोन प्रश्न, निदान तत्त्वतः, वेगवेगळ्या दिवशी विचारले जातात. पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुका होतात आणि तिथे जिंकण्याची सुतराम शक्यता नसलेल्या माणसाच्या मागेही लोक उघडपणे उभे राहतात.

यातले साहित्यिकांना जवळचे वाटेल असे उदाहरण १९६८ सालचे आहे. नाना पाटील बीडमधून निवडून आले त्याच वर्षाच्या, १९६७ च्या, नोव्हेंबर महिन्यात सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी आपल्याच पक्षाच्या विद्यमान अध्यक्षांविरुद्ध, लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध, उमेदवारी जाहीर केली. मुद्दा एकच होता : व्हिएतनामचे युद्ध थांबवा. मॅकार्थी स्वतः कविता लिहीत. रॉबर्ट लोवेल यांच्यासारखा कवी त्यांच्याबरोबर प्रचारात हिंडत असे. विद्यापीठांतली मुले केस कापून, दाढ्या उतरवून न्यू हॅम्पशायरमध्ये दारोदार फिरली, म्हातारी माणसे बिथरू नयेत म्हणून. मार्चच्या १२ तारखेला मतदान झाले. जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के मते पडली, मॅकार्थी यांना ४२. म्हणजे मॅकार्थी हरले. आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जॉन्सन यांनी जाहीर केले की आपण पुन्हा उभे राहणार नाही. हरलेल्या ४२ टक्क्यांनी अध्यक्षाला घरी बसवले होते.

गोष्ट इथेच संपवली तर ती परीकथा होईल. पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. पक्षाची उमेदवारी मॅकार्थी यांना मिळाली नाही. ती मिळाली ह्यूबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवली नव्हती. पक्षातल्या वजनदारांनी शिकागोच्या अधिवेशनात ती त्यांच्या हाती दिली, बाहेर तरुणांवर लाठ्या चालत असताना. नोव्हेंबरात निक्सन जिंकले आणि युद्ध आणखी काही वर्षे चालले. पण शिकागोतल्या त्या बंद खोलीचा असा बभ्रा झाला, की त्यानंतर पक्षाला उमेदवार निवडण्याचे नियमच बदलावे लागले. १९७२ पासून प्राथमिक निवडणुकांना जे खरे वजन आले, ते या हरलेल्या माणसाच्या पाठीराख्यांमुळे. त्यांनी उमेदवार निवडून आणला नाही. उमेदवार निवडण्याची पद्धत बदलून घेतली.

आपल्याकडे हा पहिला प्रश्न मतदाराला विचारलाच जात नाही. उमेदवारी मुंबईत किंवा दिल्लीत ठरते. ती का मिळाली आणि का नाकारली, हे पक्षाच्या साध्या सभासदालाही कळत नाही. २०१४ सालीच काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडण्याचा प्रयोग केला; त्यात आमच्या शेजारचे लातूर होते. काँग्रेसने लातूरची जागा गमावली आणि त्या प्रयोगाचे नाव पुढे कोणी काढले नाही. त्याच निवडणुकीत 'वरीलपैकी कोणी नाही' हा पर्याय लोकसभेसाठी प्रथमच यंत्रावर आला. पण तो पर्याय आम्हांला काय नको ते सांगतो. काय हवे ते सांगण्याची सोय त्यात नाही. मग ज्या मतदाराला काय हवे ते सांगायचे आहे त्याने कुठे जावे? त्याच्यापाशी एकच दिवस आहे आणि एकच बटण. २०१४ साली नंदू माधव यांना मत देणाऱ्यांनी जो पहिला प्रश्न कोणी विचारलाच नव्हता त्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या कागदावर लिहून दिले. त्यात दोष असेल तर तो प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचा आहे.

आता त्या वाक्याच्या आड काय लपलेले आहे तिकडे वळू. आमच्या एका विद्यार्थ्याचे आईवडील दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर जातात. त्याच्या वडिलांशी आम्ही निवडणुकीबद्दल बोललो तेव्हा ते सरळ म्हणाले, "सर, मुकादम सांगंल तिकडं. उचल त्याच्याकडनं घेतलीय. उद्या पोरीच्या लग्नाला बी त्याच्याच दारात जायचंय." यात 'वाया जाईल' हा शब्द नव्हता. तत्त्वज्ञान नव्हते. आपण बांधलेले आहोत हे त्या माणसाला स्वच्छ ठाऊक होते आणि ते सांगायची त्याला लाज वाटली नाही. त्याला आम्ही काय उत्तर देणार? उचल फेडायला आमच्यापाशी पैसे नव्हते.

पण दरमहा वेतन आयोगाप्रमाणे पगार घेणाऱ्या प्राध्यापकाची उचल कोणाकडे असते? प्रामाणिक उत्तर असे, की तीही असते. फक्त तिचे नाव घेतले जात नाही. ज्या संस्थेत आपण नोकरी करतो तिचे अध्यक्ष कोणत्या पक्षात आहेत हे आपल्याला माहीत असते. निवडणुकीच्या दिवसांत कोणाच्या सभेला 'हजर राहावे' असा निरोप येतो, तेही माहीत असते. कायम नोकरीत असलेल्यांचे त्यातल्या त्यात बरे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुणाला पुढच्या जूनमध्ये तास मिळतील की नाही, हे एका माणसाच्या भुवईवर ठरते. आमच्यातला असा एक जण २०१४ साली टोपी घालून उघडपणे फिरला. पुढच्या वर्षी त्याला तास मिळाले नाहीत. कारण काय, ते त्याला कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही ते सिद्ध करू शकत नाही. तो आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवतो.

म्हणून आमचे म्हणणे असे, की 'मत वाया जाईल' हे सुशिक्षित मराठी माणसाचे 'मुकादम सांगंल तिकडं' आहे. फरक एवढाच की ऊसतोड कामगार आपले बांधलेपण कबूल करतो आणि आपण त्याला व्यवहारज्ञानाचा मुलामा देतो. भीती वाटते असे म्हणा. आम्ही समजून घेऊ, कारण ती आम्हांलाही वाटते. पण भीतीला शहाणपण म्हणू नका, आणि ते शहाणपण विद्यार्थ्यांना शिकवू नका.

साहित्याच्या माणसांकडून आम्ही हे अधिक आग्रहाने मागतो, याला कारण आहे. आपल्या अभ्यासक्रमात जे जे मोलाचे आहे, ते बहुतेक हरणाऱ्यांनी किंवा हरणाऱ्यांबद्दल लिहिलेले आहे. दलित आत्मकथने आपण शिकवतो. ज्यांच्या प्रेरणेने ती लिहिली गेली ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ साली उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे १४ हजार मतांनी हरले, आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. राज्यघटनेच्या शिल्पकाराला लोकसभेत जाता आले नाही. त्यांना मत देणाऱ्या गिरणी कामगाराचे आणि भंडाऱ्याच्या शेतमजुराचे मत वाया गेले असे वर्गात उभे राहून म्हणण्याची आपल्यापैकी किती जणांची तयारी आहे? १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनात, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण यांच्या देखत, दुर्गा भागवतांनी आणीबाणीविरुद्ध भूमिका घेतली. आपण किती निवडणुका जिंकू याचा हिशेब करून त्या उभ्या राहिल्या नव्हत्या. १९७७ साली पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचारसभांतून बोलले आणि विजयानंतर कोणतेही पद न घेता बाजूला झाले. हे सगळे आपण परीक्षेला विचारतो. आणि त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये कोणत्या जातीची किती मते कुठे सरकतील याचे कोष्टक मांडतो.

आमच्यावर घेतला जाणारा सर्वांत जड आक्षेप वेगळा आहे. तो असा : ज्या पक्षासाठी तुम्ही एवढे भाबडे झालात त्याचे काय झाले? २०१५ च्या एप्रिलमध्ये त्या पक्षाने योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना काढून टाकले. २०२४ साली त्याच्या सर्वोच्च नेत्याला मद्य धोरणाच्या प्रकरणात अटक झाली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीची सत्ता गेली. महाराष्ट्रात तर तो पक्ष रुजलाच नाही. हे सगळे खरे आहे, आणि यातले काही आम्हांला फार लागले. पण यावरून आम्ही २०१४ साली चुकलो असे ठरत नाही. आम्ही मत दिले ते एका माणसाला आणि एका मागणीला : निवडणूक पैशाविना, जातीच्या बेरजेविना लढवता आली पाहिजे. पुढे पक्ष त्या मागणीपासून ढळला, तर दोष मागणीकडे जात नाही. निवडून आलेल्या पक्षांनी आपली वचने मोडली तेव्हा त्यांच्या मतदारांना कोणी भाबडे म्हटले नाही; त्यांना फसवले गेले असे म्हटले. तेवढा न्याय आम्हांलाही मिळावा.

आमची खरी चूक दुसरीकडे आहे आणि ती आम्ही लपवणार नाही. आम्ही मार्चमध्ये जागे झालो आणि १७ एप्रिलच्या संध्याकाळी घरी गेलो. निकालानंतर ज्या तांड्यांवर, ज्या वस्त्यांवर आम्ही पत्रके वाटली होती, तिथे आम्ही पुन्हा गेलो नाही. ज्यांनी आमचे ऐकून मत दिले त्यांना पुढे मुकादमाने काही म्हटले का, हे विचारायलाही गेलो नाही. नाना पाटील १९६७ साली बीडला आले तेव्हा ते परके होते खरे, पण त्यांच्या पाठीशी प्रतिसरकारची वर्षे होती, भूमिगत काढलेला काळ होता, शेतकऱ्यांसाठी झिजवलेले आयुष्य होते, आणि गावोगाव काम करणारे कार्यकर्ते होते. संसदेत मराठीतून बोलणारा हा माणूस लोकांना आधीपासून आपला वाटत होता. आमच्यापाशी होता तो एका हंगामाचा उत्साह. कारखान्याच्या गाळपाला हंगाम असतो तसा आमच्या आदर्शवादालाही. न्यू हॅम्पशायरची मुले निदान पुढच्या राज्यात गेली. आम्ही उत्तरपत्रिका तपासायला गेलो. 'मत वाया गेले' हे आम्हांला मान्य नाही. पण त्या मतानंतरचा आमचा काळ वाया गेला, हे मान्य आहे.

आणि तो काळ जिल्ह्याला महागात पडला. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून निर्घृण हत्या झाली. खंडणीच्या वादातून ती झाल्याचा आरोप ठेवला गेला, आणि मार्च २०२५ मध्ये जिल्ह्यातल्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. गुन्हा कोणाचा हे न्यायालयाने ठरवायचे आहे. पण ज्या जिल्ह्यात दशकानुदशके उमेदवाराची एकच परीक्षा घेतली गेली, की तो येतो की नाही, त्या जिल्ह्यात येण्यासाठी काय काय करावे लागते हे विचारायचे कोणी? माणूस चांगला की वाईट हा प्रश्न आपण 'वाया'च्या भीतीने परीक्षेतून काढून टाकला. मग चांगल्या माणसांनी उभे राहणे सोडले. आणि मग आपणच म्हणू लागलो की राजकारणात चांगली माणसे उरली नाहीत.

म्हणून आमचे सांगणे फार मोठे नाही. पुढच्या निवडणुकीच्या वर्षभर आधी, पक्षांच्या याद्या निघण्यापूर्वी, आपापल्या तालुक्यात बसून एवढेच ठरवा की आपल्याला कोण हवे आहे. ग्रामपंचायतीला, पंचायत समितीला, जिल्हा परिषदेला. लोकसभा दूर राहू द्या. नाव ठरवा, ते मोठ्याने उच्चारा, पक्षांकडे मागा. पक्षांनी नाही दिले तर त्या माणसाला उभे करा. तो पडला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा, आणि त्याला ज्या वस्तीने मते दिली तिथेही जा. आपल्याकडे प्राथमिक निवडणूक नसेल, तर ती अशी आपणच घ्यायची आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी वेगळे शिक्षण नको. वर्गात ज्यांची बाजू घेतो त्यांची बाहेरही घ्यायची, इतकेच.

आमचे ते ज्येष्ठ सहकारी पुढे निवृत्त झाले. निरोप समारंभाच्या दिवशी चहा घेताना ते आपणहून म्हणाले, "त्या वेळी मी तुम्हांला वाया जाईल म्हणालो होतो. पण मी ज्याला दिले तो आला, आणि माझ्या मताचे काय झाले ते मला आजवर कळले नाही." आम्ही त्यांना विचारले नाही की त्यांनी कोणाला दिले होते. पुढच्या वेळी याद्या निघण्यापूर्वी बसू या, एवढेच आम्ही म्हणालो. ते हो म्हणाले. आम्ही त्यांना बोलावणार आहोत.